आकड्यावरचं ठिगळ

आमच्या वन्संच्या दुकानात आरसा नाही. दुकान वेटसूटचं. थंड पाण्यात सर्फिंग करणारे आणि कयाक वल्हवणारे लोक अंगाला घट्ट बसणारा जो काळा रबरी पोशाख घालतात, तो शिवायचं आणि दुरुस्त करायचं. नवीन गिऱ्हाईक सूट अंगात चढवता चढवता घामाघूम होतं आणि मग मान वळवून वळवून आरसा शोधतं. वन्सं सांगतात, हात वर करा. मग त्याच्या पाठीमागे उभ्या राहून दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवतात आणि म्हणतात, आता पोटापासून श्वास घ्या. बरगड्यांनी तळवे ढकलले नाहीत तर शिवण उसवायची. गिऱ्हाईक कुरकुरतं, की ताई, फिटिंग तर मस्त बसलंय. त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं असतं.

"दिसायला आलायत की जगायला?"

काहीजण रागावून निघून जातात. गेले तर गेले. राग उतरला की त्यांतले बरेच परत येतात, आणि वन्सं त्यांना काही ऐकवत नाहीत, नुसतं पुन्हा हात वर करायला लावतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, बोटांवर कायम गोंदाचे वाळलेले पापुद्रे. दुकान खाली, आम्ही वर, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची लेक. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पाण्याची भीती वाटायची. अजूनही वाटते. बादलीपेक्षा जास्त पाणी दिसलं की मी मनात देवाचं नाव घेते. घरातले सगळे त्यावरून माझी चेष्टा करत, वन्संनी मात्र कधी केली नाही. त्यांचं म्हणणं, घाबरणारं एक तरी माणूस घरात हवं, म्हणजे बाकीच्यांचं डोकं ठिकाणावर राहतं.

त्यांचं स्वतःचं डोकं लहानपणापासून पाण्याखालीच. आमचे हे सांगतात, परसातल्या हौदात ही बुडी मारून बसायची आणि काठावर मला मोजत बसवायची. मी लहान, मोजता मोजता विसरायचो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. वर आल्यावर ही मला आधी धपाटा घालायची आणि मग श्वास घ्यायची.

आमच्या इथे किनाऱ्याला दगडी बांध घालून केलेला एक तलाव आहे. भरतीचं पाणी बांधावरून आत येतं आणि ओहोटीला आतच राहतं. तळाशी, छातीभर पाण्यात, एक जाड साखळी आडवी टाकलेली आहे. मोठ्या लाटांचा हंगाम सुरू होण्याआधी सर्फिंगच्या क्लबातले सगळे तिथे जमतात आणि दमाची पैज लावतात. बुडी मारायची, तळाची साखळी धरायची आणि दम धरून पडून राहायचं. शेवटी वर येईल तो जिंकला. जिंकणारा आणि त्याच्या मागचे चार-पाच, एवढेच त्या हंगामात क्लबाच्या पहिल्या होडीतून बाहेरच्या खडकावर जातात. सगळ्यात मोठी लाट तिथे फुटते. तिथे जाऊन आलेला माणूस वर्षभर वेगळाच चालतो, खांदे थोडे मागे टाकून. जो आधी वर येतो त्याने हंगामभर किनाऱ्याजवळच खेळायचं आणि लोकांचे टोमणे खायचे.

क्लबाचे मुख्य म्हणजे शिट्टीमास्तर. माणूस वाईट नाही. समुद्रावर अख्खी हयात गेली, कितीतरी जणांना पाण्यातून ओढून आणलंय त्यांनी. गळ्यात कायम शिट्टी, त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हाराखाली शिट्टी दिसते. पण एकदा का एखादी गोष्ट 'आपल्याकडे पहिल्यापासून अशीच' असली, की ती देवानेच नेमून दिली असं त्यांना वाटतं. आणि देवावर माझी श्रद्धा आहे, पण सगळ्या गोष्टी काही त्याने नेमून दिलेल्या नसतात.

क्लबाच्या सर्फिंगच्या फळ्या ठेवायच्या कोठारावर, दारालगतच्या भिंतीवर, पांढऱ्या रंगाने एक आकडा रंगवलेला होता. पैजेत आजवर सगळ्यात जास्त वेळ दम धरला त्याची मिनिटं आणि सेकंद. तो आकडा आमच्या वन्संचा. तो मी इथे लिहिणार नाही. वन्संनीच बजावलंय, आणि का ते पुढे कळेलच.

तो दिवस वन्संनी मला इतक्यांदा सांगितलाय की मी स्वतः बघितल्यासारखा सांगू शकते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नवरा त्याच क्लबातला, शिट्टीमास्तरांचा जिवलग. बुडी मारण्याआधी सगळे भाता मारायचे. भाता म्हणजे लोहाराच्या भात्यासारखे भराभरा खोल श्वास घ्यायचे आणि सोडायचे, डोकं हलकं होईपर्यंत. समज असा, की त्याने छातीत जास्त हवा मावते. वन्संनी सगळ्यांपेक्षा जास्त भाता मारला आणि बुडी घेतली. साखळी धरली. पाणी हिरवं होतं. छातीत एरवी जी तडफड सुरू होते ती त्या दिवशी झालीच नाही. उलट बरं वाटत होतं, उबदार, अंगावर कोणी पांघरूण घातल्यासारखं. आणि मग त्यांना आठवतो तो एकदम नवऱ्याचा चेहरा, त्यामागे आकाश आणि टाळ्यांचा आवाज. मधलं काही नाही.

मधे काय झालं ते नवऱ्याने सांगितलं. वन्संची बोटं साखळीवरून सुटलेली त्याला दिसली. बाकी कोणाला नाही दिसली, कारण सगळे घड्याळाकडे बघत होते. त्याने उडी टाकून त्यांना वर आणलं. शिट्टीमास्तर तोवर मोजतच होते, आणि वन्सं डोळे उघडताच ओरडले, "काय शांत पडली होती! दगडासारखी!"

त्याच संध्याकाळी वन्सं क्लबात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की त्या आकड्यातला शेवटचा भाग माझा नाही. मी बेशुद्ध होते. दम मी धरला नव्हता, मी तिथे नव्हतेच. लोक हसले. पोरगी लाजते आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आकडा भिंतीवर चढला. वन्संनी जाऊन टर्पेंटाइनने पुसला. तो पुन्हा रंगवला गेला, या वेळी तेलरंगाने, वर वॉर्निश. त्यानंतर दर वर्षी पैजेच्या आधी त्या तेच सांगत आणि दर वर्षी कोणीतरी म्हणे, झालं का ताईंचं विनयाचं भाषण, मग चला.

विनय आणि आमच्या वन्सं. एकदा घरी ओळख करून घ्या म्हणावं.

बेशुद्ध पडण्याचं खरं कारण त्यांना पुढे डॉक्टरांकडून कळलं. भात्याने हवा जास्त मावत नाही. पाण्याखाली जी तडफड होते, ती शरीराने दिलेली हाक असते, की आता वर चल. भाता मारला की ती हाक उशिरा येते. आतली हवा तेवढीच, ती संपते आपल्या वेळेला, पण सांगायला कोणी येत नाही. वन्सं गिऱ्हाइकांना सांगतात, की घरात चोर शिरू नये म्हणून तुम्ही कुत्र्यालाच झोपेचं औषध दिलंत आणि वर म्हणताय, रात्र किती शांत गेली.

नुसतं बोलून कोणी ऐकत नाही हे पटल्यावर वन्संनी दुसरी वाट काढली. लेक झाली, पुढे काही वर्षांनी नवरा हृदयाच्या दुखण्याने गेला, दुकान अंगावर पडलं, पण पैज त्यांनी एकदाही चुकवली नाही. दर वर्षी सगळ्यांबरोबर बुडी मारायची. भाता नाही, एक साधा श्वास. आणि छातीत पहिली तडफड झाली की सरळ वर यायचं. सगळ्यांच्या आधी. मग बांधावर बसून, पाय पाण्यात सोडून, केस पिळत मोठ्याने म्हणायचं, "मी आले बाई वर. मला श्वास लागला."

पहिल्या वर्षी लोकांना वाटलं तब्येत बरी नसेल. दुसऱ्या वर्षी हसले. पण बांधावर बसणाऱ्यांना एक गोष्ट दिसू लागली. वन्सं वर आल्या की लगेच त्यांच्या मागे एक डोकं वर यायचं, मग आणखी दोन. सगळ्यात आधी वर यायला जे लाजत होते, त्यांची ती लाज कोणीतरी घेऊन टाकलेली असायची. ज्यांच्या नावाचा आकडा भिंतीवर, त्याच बाई पहिल्यांदा वर येऊन केस पिळत बसल्या असतील तर आपल्याला कोण काय म्हणणार?

अर्थात पहिल्या होडीत त्यांना जागा मिळायची नाही. त्या आपल्या फळीवर पालथ्या पडून, हातांनी पाणी मारत बाहेरच्या खडकावर जात. सोबत जोडीदारीण, शाळेतल्या भूगोलाच्या बाई, कयाकमधून. एक लाटेवर, तेव्हा दुसरीचे डोळे तिच्यावर, असा दोघींचा नेम. मी एकदा विचारलं, वन्सं, मास्तरांना विचारून तरी जा. त्या म्हणाल्या, विचारलं की नाही म्हणायचा हक्क आपण होऊन त्यांच्या हातात देतो.

त्यांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी ठरत नाही म्हणून. माझी भाची, वय एकोणीस, आईसारखेच खांदे आणि आईसारखीच जीभ. शाळा संपल्यावर दुकानात बसायला लागली, गोंद लावण्यात तिचा हात आईपेक्षा साफ. फळीवरही उत्तम. पोहायला, लाटेखाली सापडलं तर काय करायचं ते सगळं वन्संनीच शिकवलेलं. लाट अंगावर आली की तिच्याशी कुस्ती खेळायची नाही. डोकं हातांत झाकायचं, अंग सैल सोडायचं, ती घुसळून घुसळून दमली की वर यायचं. वन्सं म्हणत, लाट माणसाला फार वेळ धरून ठेवत नाही, तिला पुढची कामं असतात. माणूस संपतो तो हातपाय झाडून सगळी हवा तिथेच उधळतो म्हणून. कयाक उलटली तर आधी कमरेभोवती बांधून कयाकच्या तोंडावर ताणलेल्या कापडाचा पुढचा फास हाताने चाचपायचा आणि ओढायचा, मग बाकीचं. आणि दम वाढवायचा असेल तर कोरड्यावर. कटिंगच्या मोठ्या टेबलावर भिंगरीला उताणं झोपवून त्या तिला दम धरायला लावत आणि स्वतः शेजारी बाह्या कापत उभ्या असत. गिऱ्हाईक दारात आलं की टेबलावर आडवी पोरगी बघून दचकायचं. वन्सं म्हणायच्या, घाबरू नका, मापं घेतेय.

भिंगरीला मात्र बाहेरच्या खडकावर पहिल्या होडीतून जायचं होतं. क्लबाच्या होडीतून, सगळ्यांच्या देखत, आईसारखं पाठीमागून नाही. आणि तिच्या डोक्यात बसलं होतं, की भिंतीवरचा आकडा मोडला तर कोणाची टाप नाही तिला अडवायची.

एके दिवशी दुपारी ती गोंदाचे डबे आणायला जाते म्हणून गेली आणि डबे घेऊन आली. संध्याकाळी वन्संनी खुंटीवरचा तिचा सूट हातात घेतला तर गळ्यापासून ओला. आत घामाचा वास नव्हता, म्हणजे लाटांवर गेलेली नव्हती. तलावात पडून राहिलेली होती. दुपारी तलावावर चिटपाखरू नसतं.

त्या रात्री जेवायला सगळे वर आमच्याकडे होतो. वन्संनी ताटावर बसता बसता विचारलं, कोण होतं बरोबर. भिंगरी म्हणाली, कोणी नाही, कशाला हवं कोणी. वन्संनी घास खाली ठेवला. भाता मारलास का, असं विचारलं. तिने मान खाली घालून आमटीची वाटी पुढे ओढली, तेच उत्तर.

मग जे भांडण झालं त्यात आमचे हे दोनदा मधे पडले आणि दोन्हीदा दोन्हीकडून खाऊन गप्प बसले. वन्संचं म्हणणं साधं होतं: एकटीने पाण्यात दम धरायचा नाही, कधीच नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. भिंगरी ऐकून घेत होती आणि भाताचं शीत न् शीत वेगळं करत होती. मग तिने मान वर केली.

"तुझा आकडा जाईल म्हणून घाबरतेस तू."

मला वाटलं आता वन्सं कानाखाली देतात. त्या उलट शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे की. वीस वर्षं मी तोच पुसायला बघतेय. पण कार्टे, तो मोडायचा म्हणजे काय करायचं ते समजून घे. मी जिथवर जागी होते तिथवर तू गेलीस तरी तो मोडत नाही. त्याच्या पुढे मी मेल्यासारखी पडले होते. तो आकडा मोडायला तुलाही तसंच पडावं लागेल."

भिंगरी म्हणाली, मी तुझ्यापेक्षा बळकट आहे. वन्सं म्हणाल्या, असशील. आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी त्या शिट्टीमास्तरांकडे गेल्या. मी बरोबर होते. वन्संनी मागणं मागितलं नाही, सरळ सांगितलं: यंदा पैज जोडीने. एक खाली, एक वर. वरच्याने डोळे खालच्यावर ठेवायचे, मधूनमधून खांद्यावर थापटायचं, खालच्याने तर्जनी उचलून उत्तर द्यायचं. बोट उचललं नाही तर बाहेर काढायचं, जिंकत असला तरी. आणि भाता बंद. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ताई, एवढे उद्योग केले तर पैज कसली राहिली, शाळेची कवायत झाली. खालच्याला सारखं थापटलं तर त्याचा दम मोडेल. आपल्याकडे पहिल्यापासून असंच चाललंय आणि कोणी मेलं नाही. वन्सं म्हणाल्या, कारण माझा नवरा घड्याळाकडे बघत नव्हता. मास्तर खाली बघायला लागले. जिवलग मित्र होता त्यांचा. पण नियम त्यांनी बदलला नाही.

"बरं," वन्सं म्हणाल्या. "मग मी विचारायला आले नव्हतेच."

घरी येऊन त्यांनी भिंगरीला सांगितलं, की तू बुडी मार, मी अडवणार नाही, बांधून ठेवायला तू शेळी नाहीस. पण मी तुझ्या डोक्यावर पाण्यात असणार. थापटीन तेव्हा बोट उचलायचं. भिंगरीने मान हलवली, ती कबूल म्हणून की पिच्छा सोड म्हणून, मला कळलं नाही.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही बांधावर बसायचं, अगदी तिच्या वरती. पाणी नितळ असतं, बोट दिसतं. देवाचं नाव घ्या, पण डोळे मिटून नको."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बांधाच्या कडेला बसले. पदर खोचून, दोन्ही हातांनी दगड पकडून. खाली काळं-हिरवं पाणी, आणि मला वाटत होतं की दगडच मला आत ढकलतो आहे. बांधावर सगळा क्लब, पोरांचे आईबाप, शिट्टीमास्तरांच्या हातात घड्याळ. भिंगरी पाण्यात उतरली आणि आईकडे पाठ करून भाता मारायला लागली. भराभरा, खांदे वरखाली. वन्सं तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पाण्यात उभ्या होत्या. एकदाच म्हणाल्या, पुरे. ती थांबली नाही.

शिट्टी वाजली आणि सगळे खाली गेले. मी वन्संचं सांगणं धरून भिंगरीचं बोट सोडून कशाकडे बघत नव्हते. तिची मूठ साखळीवर. वन्सं श्वास घेत, तोंड पाण्यात घालून बघत, हात खाली करून तिच्या खांद्यावर दोनदा थापटत. तर्जनी वर. थोड्या वेळाने पुन्हा थापटलं, तर्जनी वर. आजूबाजूला डोकी बाहेर यायला लागली, धापा, खोकला, हसणं. यंदा सगळ्यात आधी वर येणारं कोणीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिले असं मला मागाहून वाटलं. शेवटी खाली एकटी भिंगरी. पोरं आकडे ओरडायला लागली.

वन्संनी थापटलं. बोट वर आलं, पण उशिरा, झोपेतल्यासारखं. पुन्हा थापटलं. मी नाव घेत होते आणि बघत होते. बोट नाही. मूठ सैल झाली, एकेक बोट साखळीवरून असं सुटलं, फूल उमलावं तसं हळूच. वन्संनी खात्री करायला आणखी एकदा थापटलं नाही. काखेत हात घालून तिला उचलली, पाण्यावर उताणी केली, हनुवटी वर धरली. चेहरा निळसर. बांधावरून हाय हाय झाली, की आता आकडा मोडत होता, आईनेच घात केला. वन्सं तिच्या गालावर थापट्या मारत होत्या, डोळ्यांवर फुंकर घालत होत्या आणि अगदी साध्या आवाजात, शिवणकामात दोरा मागावा तशा म्हणत होत्या, "श्वास घे, भिंगरी. श्वास घे."

तिने घेतला. मोठा, कर्कश. मी दगड सोडला तेव्हा तळव्यांची सालटी निघालेली होती.

तिला बांधावर आणून बसवली. दोन मिनिटांत तोंडावर रंग आला, आणि तिने पहिलं काय केलं, तर आईचा हात झटकला.

"का ओढलंस? धरून होते मी अजून."

"नव्हतीस तू."

"होते. मला सगळं कळत होतं. साखळी हातात होती माझ्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं, आणि वन्संकडे त्यावर दाखवायला काही नव्हतं. त्या नुसत्या टॉवेल धरून उभ्या होत्या. मी वीस वर्षं ऐकत आलेली गोष्ट त्या क्षणी मला पहिल्यांदा पूर्ण कळली, की त्या आकड्यापुढे या बाईचं का कधी काही चाललं नाही. जो बेशुद्ध होतो त्यालाच ते माहीत नसतं.

तेवढ्यात शिट्टीमास्तर आले. घड्याळ हातात, चेहरा हळहळीने उतरलेला. भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून मनापासून म्हणाले, "थोडक्यात गेला गं आकडा. आणि काय शांत पडली होतीस, दगडासारखी!"

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. हे शब्द तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलेले होते, आईच्या तोंडून, चिडून, चेष्टेने, ताटावर, टेबलावर पडलेली असताना. तिने मान हळूच माझ्याकडे वळवली.

"मामी, बोट?"

मी सांगितलं, की शेवटच्याला नाही. आणि साखळी तुझ्या हातात नव्हती, तुझी बोटं आधीच सुटली होती, मी बघितलीत. मी पाण्याला घाबरणारी बाई, मला त्यातलं काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक तिने ते ऐकून घेतलं. मग टॉवेल आईच्या हातातून घेतला.

डॉक्टरांनी छाती तपासली, दिवसभर नजरेसमोर ठेवा आणि पाण्याच्या जवळ जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं. ती डोकेदुखीने वर आमच्याकडे झोपून राहिली. वन्सं तिच्या पायाशी बसून एका सुटाच्या गुडघ्याला शिवण घालत होत्या आणि मला म्हणाल्या, आज तिची बोलणी खाल्ली, जन्मभर खावी लागली असती तरी चालली असती. मी देवापाशी दिवा लावला. त्या दिवशी मागायचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली कात्रीचा आवाज आला. भिंगरी कटिंगच्या टेबलावर वाकून रबर कापत होती, सगळ्यात जाड, हिवाळ्याच्या सुटांचं. चौकोन कापला, कोपरे गोल केले, कारण कोपरा टोकदार ठेवला की तिथून ठिगळ सुटायला लागतं. गोंदाचा डबा आणि ब्रश घेतला. वन्संनी विचारलं, कोणाचं काम आहे हे. ती म्हणाली, तुझंच, जुनं राहिलेलं.

आम्ही तिघी कोठाराकडे गेलो. भिंगरीने भिंतीवरचं वॉर्निश पॉलिशपेपरने खरवडलं, भिंतीला आणि रबराला गोंद लावला आणि थांबली. हा गोंद ओला चिकटवायचा नसतो, हाताला लागेनासा झाला की मग. त्या वेळात लोक जमले. शिट्टीमास्तर धावत आले, शिट्टी वाजवावी की नाही या विचारात. हा क्लबाचा मान आहे, म्हणाले, असं काळं फासता येणार नाही.

भिंगरीने ठिगळ आकड्यावर ठेवलं आणि मधून कडांकडे अंगठ्याने दाबत गेली, एकसुद्धा बुडबुडा राहू न देता.

"तो मान ज्यांचा आहे त्या इथे उभ्या आहेत," ती म्हणाली. "त्यांना विचारा."

मास्तरांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं हाताची घडी घालून लेकीचं काम बघत होत्या. म्हणाल्या, खालचा डावा कोपरा आणखी दाब.

मास्तर म्हणाले, मी आज संध्याकाळी काढून टाकतो हे. वन्सं म्हणाल्या, काढा ना. आमच्या दुकानाचा गोंद आहे. ठिगळाबरोबर भिंत निघून आली तर तक्रार घेऊन येऊ नका.

त्यांनी काढायचा प्रयत्न केला असणार, एका कडेला पटाशीच्या खुणा आहेत. ठिगळ तिथेच आहे. क्लबात दोन तट पडलेत, काहीजण आमच्या दुकानाचा रस्ता टाळतात आणि सूट शिवायला लांब जातात. पुढच्या वर्षी पैज व्हायची की नाही यावर अजून भांडण चालू आहे. नियमात जोडी यायची तेव्हा येईल. भिंगरी मात्र तलावावर आपल्या वयाच्या पाच-सहा जणांना घेऊन जायला लागली आहे, एक खाली, एक वर, भाता मारेल त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवायचं. वन्सं कधीतरी जातात. बुडी मारतात, थोड्याच वेळात वर येतात, बांधावर बसून केस पिळतात.

परवा मी तिथे होते, बांधापासून चार हात लांब. पहिलं डोकं वर आलं ते वन्संचं नव्हतं. भिंगरीचं होतं. तिने बांधाला हात टेकले, आईकडे न बघता केस पिळले आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आले बाई वर. मला श्वास लागला."